न्यायमूर्ती पेज, जर्सी क्रमांक 88

पडद्यावर दिसतेय ती अमेरिकन फुटबॉलमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाची जांभळी जर्सी, क्रमांक 88. एक हात जमिनीला टेकवून वाकलेले हे अ‍ॅलन पेज. त्यांची जागा डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध. समोर प्रतिस्पर्ध्यांची पाच जणांची तटबंदी. चेंडू हलला की ती फोडून आत घुसायचं आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून तो सुटण्याआधी त्याला आडवं करायचं, हे त्यांचं काम. नीट बघा, इतर खेळाडू अजून उठताहेत आणि पेज निघालेसुद्धा. वजन 110 किलोच्या आसपास, म्हणजे या जागेसाठी फार नव्हे. सगळी करामत त्या पहिल्या पावलाची.

1967 साली व्हायकिंग्जनी त्यांना नोत्र दाम विद्यापीठातून घेतलं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीला लोक 'पर्पल पीपल ईटर्स', म्हणजे माणसं खाणारे जांभळे, म्हणू लागले. संघाचं ब्लूमिंग्टनचं मैदान उघडं, डिसेंबरात हाडं गोठवणारी थंडी, आणि प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाच्या कडेला हीटर ठेवू देत नसत. अशा थंडीत खेळणाऱ्या या संघाचे पेज 1971 साली अख्ख्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान तोवर कधी मिळाला नव्हता. त्यानंतरही तो एकदाच मिळाला, 1986 च्या मोसमात लॉरेन्स टेलरला. पेज यांनी किती क्वार्टरबॅक पाडले, याचा अधिकृत आकडा मात्र सापडत नाही. लीगने ती मोजणी 1982 पासून सुरू केली आणि पेज 1981 मध्येच निवृत्त झाले होते.

त्यांचा जन्म 1945 चा, ओहायोतल्या कँटनचा. पोलाद कारखान्यांचं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांसमोर बहुधा कारखान्याचीच वाट असायची. तेरा वर्षांचे असताना आई गेली. गावात फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, उभं राहत होतं, त्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली. मनात मात्र लहानपणापासून एकच होतं, वकील व्हायचं.

म्हणून व्हायकिंग्जकडून खेळता खेळता त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. रविवारी सामना, सोमवारी अंग ठणकतंय, आणि डोक्यात करारांचा कायदा. 1978 मध्ये पदवी हाती आली. याच काळात त्यांची पत्नी डायान सिगारेट सोडण्यासाठी धावू लागली होती. पेजही सोबत धावू लागले आणि वजन शंभर किलोच्या घरात आलं. संघाला ते पटेना. 1978 च्या ऑक्टोबरमध्ये व्हायकिंग्जनी त्यांना सोडलं, आणि शिकागो बेअर्सनी अवघ्या 100 डॉलरच्या शुल्कात उचललं. ज्या शरीराला संघ हलकं म्हणत होता, त्याच शरीराने 1979 मध्ये डलूथला मॅरेथॉन पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू. आणि बेअर्सकडून ते पुढे तीन वर्षं खेळले! संघाला जड शरीर हवं होतं, पेजना स्वतःचं आयुष्य हवं होतं. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

1988 मध्ये त्याच कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं. आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा जुन्या प्रशिक्षकाला बोलावतात. पेजनी मिनीॲपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला, विलारीन बीझ्ली यांना बोलावलं. भाषणात ते शिक्षणावर बोलले. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती वाचताच आली नाही, हे त्यांनी तिथे सांगितलं. शाळा-कॉलेज पार करून आलेली ही माणसं! त्याच वर्षी पेज दांपत्याने शिष्यवृत्तीची संस्था सुरू केली. तिची शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाला लहान मुलांना शिकवायला वेळ द्यावाच लागतो.

1992 मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीला उभे राहायला निघाले, तर ज्या जागेवर डोळा होता तिथल्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवून ठेवलेली. पेज कोर्टात गेले. या खटल्यापुरते विद्यमान न्यायमूर्ती बाजूला झाले, सुनावणीला त्यांच्या जागी दुसरे बसले आणि निकाल पेजच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, ते जिंकले. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे 2015 मध्ये ते पायउतार झाले.

पेज यांच्या एका हाताची करंगळी खेळात निखळून काटकोनात वळली होती. ती आजही तशीच आहे.

2020 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मिनीॲपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्करी यांच्यासोबत त्यांनी नवी मागणी पुढे केली. दर्जेदार सरकारी शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे, असं मिनेसोटाच्या राज्यघटनेत लिहा. मिनेसोटातली कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलं वाचनात, गणितात गोऱ्या मुलांच्या किती मागे आहेत, हे दोघं गावोगावी आकडे दाखवून सांगू लागले. शिक्षक संघटनेने विरोध केला, काही आमदारांनी साथ दिली. लोक या मागणीला 'पेज दुरुस्ती' म्हणतात.