यामातोऐवजी विमानवाहू नौका बांधल्या असत्या तर?

नमस्कार. १९३७ साली जपानी नौदलाने एकाच कार्यक्रमात चार मोठी जहाजं बांधायला घेतली. यामातो आणि मुसाशी या दोन बॅटलशिप, म्हणजे प्रचंड तोफांच्या युद्धनौका, शोकाकू आणि झुइकाकू या दोन विमानवाहू नौका. पुढे पर्ल हार्बरचा हल्ला आखणारे नौदल अधिकारी यामामोतो इसोरोकू यांचा त्या अवाढव्य बॅटलशिपना तेव्हाच विरोध होता. समजा, नौदलाने त्यांचं ऐकलं असतं तर?

बहुतेक लोक इथे वजनाचा भागाकार करतात. यामातो साधारण ६४,००० टनांची, शोकाकू २५,६७५ टनांची. म्हणजे दोन बॅटलशिपच्या बदल्यात पाच नौका! हा हिशोब मला अजिबात पटत नाही.

आधी गोदीचं बघा. यामातो कुरेच्या ड्राय डॉकमध्ये बांधली. तिची लांबी २६३ मीटर, शोकाकूची २५७. वजन कमी असलं तरी त्या डॉकमध्ये एका वेळी एकच नौका मावणार. वाचतो तो वेळ. यामातोने डॉक नोव्हेंबर १९३७ पासून ऑगस्ट १९४० पर्यंत अडवून ठेवला, तब्बल ३३ महिने. शोकाकूचं जलावतरण १८ महिन्यांत झालं. तेव्हा १९३९ च्या मध्यावर तिथे दुसरी नौका सुरू करता आली असती, आणि थोड्याच महिन्यांनी मुसाशीच्या जागी नागासाकीतही. पण शोकाकू नौदलात दाखल व्हायला एकूण ४४ महिने लागले होते. त्या गतीने पहिली जोडी १९४१ च्या उत्तरार्धात तयार, दुसरी थेट १९४३ मध्ये. आणि जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या ती मिडवेची लढाई जून १९४२ ची!

त्यात इंजिनं. यामातोला २७ नॉटसाठी १,५०,००० अश्वशक्ती पुरली. शोकाकूला ३४ नॉटसाठी १,६०,००० लागली. चार नौका म्हणजे ६,४०,०००, दोन बॅटलशिपच्या दुपटीहून जास्त. ४६ सेंटिमीटरच्या तोफा रद्द केल्या म्हणून टर्बाइन आणि गिअर बनवायची क्षमता वाढत नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, माणसं. शोकाकूवर १८ झिरो लढाऊ विमानं, २७ डाइव्ह बॉम्बर आणि २७ टॉर्पेडो विमानं. झिरोत एक माणूस, डाइव्ह बॉम्बरमध्ये दोन, टॉर्पेडो विमानात तीन. १८ अधिक ५४ अधिक ८१, म्हणजे १५३ वैमानिक आणि सहकारी. चार नौकांना ६१२, तेही राखीव कुणी न धरता. प्रत्यक्षात शोकाकू-झुइकाकूची पथकंच इतकी नवखी होती की पर्ल हार्बरला टॉर्पेडोचं काम जुन्या चार नौकांकडे गेलं आणि या दोघींच्या वाट्याला मुख्यतः विमानतळ आले.

मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात झुइकाकूला एकही बॉम्ब लागला नाही. तरी ती मिडवेला गेली नाही, कारण तिची विमानं आणि माणसं संपली होती. शोकाकूची उरलेली विमानं तिच्यावर चढवून पाठवावी, अशी पद्धतच जपानी नौदलात नव्हती. विमानपथक त्या-त्या नौकेचं. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांनी बदलायला हवी ती आधी ही पद्धत, आणि १९३७ मध्येच प्रशिक्षणाचे वर्ग वाढवायला हवेत, अनुभवी वैमानिकांना शिकवायला परत बोलावून. अमेरिकेने नेमकं तेच केलं.

हे झालं असतं तर मला सर्वात मोठा फरक ऑक्टोबर १९४२ मध्ये, सांताक्रूझच्या लढाईत दिसतो. अमेरिकेची विमानवाहू नौका हॉर्नेट बुडाली, एंटरप्राइझ जखमी झाली. पण जपानच्या शोकाकू आणि छोट्या झुइहोलाही बॉम्ब लागले, आणि झुइकाकू धडधाकट असूनही वैमानिकांअभावी मायदेशी परतली. त्या आठवड्यात भरलेल्या पथकांच्या आणखी दोन नौका असत्या, तर ग्वाडलकनाल बेटावर लढणाऱ्या आपल्या सैन्याला रसद पोचवणं अमेरिकेला फार जड गेलं असतं.

पण ही संधी काही महिन्यांचीच. ३१ डिसेंबर १९४२ ला अमेरिकेची नवी विमानवाहू नौका एसेक्स दाखल झाली आणि तिच्या मागोमाग तिच्या वर्गातल्या नौकांची रांग लागली. जून १९४४ मध्ये फिलिपिन्स समुद्रात जपानच्या ९ विमानवाहू नौकांसमोर अमेरिकेच्या १५ होत्या. त्याआधी जपानी ताफा फिलिपिन्सच्या तावी-तावी बेटापाशी नांगर टाकून होता; तिथे विमानतळ नव्हता, बाहेर पाणबुड्या टपलेल्या, त्यामुळे नवख्या वैमानिकांचा सरावच थांबला. त्या ९ च्या १३ केल्या असत्या, तरी त्यांवरून उडणार होती हीच मुलं.