फुगा वर का जातो?

[दृश्य : फुटाळा तलाव, संध्याकाळ. गर्दीत फुगेवाला.]

हे दोन फुगे बघा. रबर तेच, आकार तोच. तोंडाने फुगवलेला सोडला, की आला जमिनीवर. गॅसवाल्याचा दोरा सुटला, की गेलाच वर. आणि खाली रडणारं एक पोट्टं!

काहून बरं?

हवा दिसत नाही, पण तिलाही वजन असतं. एक लिटर हवा भरते साधारण 1.2 ग्रॅम. आपल्या फुग्याने दहा लिटर हवेची जागा अडवली आहे असं समजू. बादलीतल्या पाण्यात चेंडू दाबला, की तो हाताला वर लोटतो ना? तशीच भोवतालची हवा फुग्याला वर ढकलते. बाजूला सारलेल्या हवेचं जेवढं वजन, तेवढा तिचा जोर. म्हणजे 12 ग्रॅमचा.

आता आत काय आहे? हेलियम. दहा लिटर हेलियम दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. रबर आणि दोऱ्याचे तीन-चार ग्रॅम धरा. सगळं मिळून सहाच्या आत. बारापुढे सहाचं काय चालणार? तोंडाने फुगवलेल्या फुग्यात मात्र हवेचेच बारा, वर रबराचं ओझं. तो कसा उडेल?

हेलियमचे कण इतके बारीक, की रबरातूनही निसटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी फुगा लोळत पडतो. त्यात फुगेवाल्याचा काही दोष नाही.

[दृश्य : मे महिना, दुपार. आभाळात घार.]

ऊन 45 अंशांचं. जमीन तापली, तिच्यालगतची हवा तापली, पसरली, हलकी झाली आणि वर निघाली. तिच्यावर स्वार होऊन घार पंख न हलवता गोल गोल चढते आहे.

[दृश्य : रुईचं फुटलेलं बोंड, अगदी जवळून.]

चपटं तपकिरी बी, त्याला रेशमी तंतूंचा झुबका. ही म्हातारी मात्र लबाड! ती हवेहून जडच असते. तरंगते कुठली, पडतच असते. पण तंतूंना हवा इतकं अडवते, की पडायला वेळ लागतो. तेवढ्यात खालून गरम झुळूक आली, की म्हातारी पुन्हा वर.

[दृश्य : सोनेगाव. हवामान खात्याचा पांढरा फुगा.]

या फुग्यात हायड्रोजन, हेलियमहूनही हलका. तो पेट घेतो, म्हणून खेळण्याच्या फुग्यात नको. खाली लटकलेली पेटी तापमान, दमटपणा मोजते आणि रेडिओवरून खाली कळवते. वर हवा विरळ, बाहेरून दाबणारं कमी. त्यामुळे फुगा फुगतच जातो आणि साधारण 30 किलोमीटर उंचीवर, फट्ट! मग पेटी पॅराशूटला लटकून खाली येते, कधी कुणाच्या शेतात, कधी झाडावर.