परवानगी कोणी रद्द केली?

(दृश्य: अंधेरी-कुर्ला रस्ता. सकाळची गर्दी, रिक्षांची रांग, वर मेट्रोचे खांब.)

1945 साली या रस्त्यावर एका गृहस्थाला सिनेमा थिएटर बांधायचं होतं. जागा होती, पैसा होता, अडलं होतं ते परवानगीपाशी.

अंधेरी तेव्हा मुंबईत नव्हती, म्हणून अर्ज गेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. उत्तर आलं नकाराचं: लोकांचा विरोध आहे, शिवाय अंधेरीत एक थिएटर आहेच, तूर्त दुसऱ्याची गरज नाही. पटो न पटो, निदान कारण तरी कळलं. ऑक्टोबरात अंधेरी बृहन्मुंबईत आली आणि परवानगीचा अधिकार मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे गेला. नव्याने अर्ज, नव्याने नकार, मग फेरविचाराची विनंती. अखेर जुलै 1947 मध्ये परवानगी मिळाली.

ती जेमतेम दोन-अडीच महिने टिकली. सप्टेंबरात आयुक्तांच्या कार्यालयातून पत्र आलं. त्यातल्या एका वाक्याचा मतलब असा: आपणास दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे, असं कळवण्याचा सरकारचा मला आदेश आहे.

बस्स, एवढंच. रद्द का केली, त्याबद्दल अवाक्षर नाही.

(दृश्य: टाइपरायटरवर उमटणारी अक्षरं. कॅमेरा "सरकारचा आदेश" या शब्दांवर थांबतो.)

आता गंमत बघा. नियम होताच. थिएटरांच्या परवान्यांसाठी मुंबईत 1884 पासूनचे नियम लागू होते, आणि त्यातला नियम 250 परवानगी रद्द करायची मुभा देत होता. पण कोणाला? पोलीस आयुक्तांना. सरकारला नव्हे. म्हणजे ज्याच्या हाती अधिकार, तो पत्रात सांगतोय की मी फक्त निरोप्या. आणि ज्याचा आदेश म्हणून सांगितलं जातंय, त्याला तो देण्याचा अधिकारच नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. तिथे आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा हवाला देऊन सांगण्यात आलं की निर्णय खरं तर आयुक्तांचाच होता. नोव्हेंबर 1951 मध्ये निकाल आला, 'पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी'. लिहिला न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सार्वजनिक अधिकारातून काढलेला आदेश त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा. माझ्या मनात काय होतं, मला काय म्हणायचं होतं, असे खुलासे अधिकाऱ्याने नंतर द्यायचे आणि त्यांच्या उजेडात आदेशाचा अर्थ लावायचा, हे चालणार नाही. कारण लोक वागतात ते कागदावर लिहिलंय त्याप्रमाणे.

आणखी एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. मुळातली परवानगीसुद्धा आयुक्तांनी सरकारने नेमलेल्या सल्लागार समितीच्या मतावरून दिली होती. मग ती चालते आणि ही चालत नाही, असं का? न्यायालयाने फरक केला: सल्ला कोणाचाही घ्या, शेवटचं मत तुमचं हवं. रद्द करताना ते आयुक्तांचं नव्हतं. म्हणून त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही स्वतः विचार करा आणि ठरवा.

(दृश्य: जुने मतपेटीचे फोटो. 1977.)

पंचवीस-सव्वीस वर्षांनी हाच मुद्दा पंजाबातून आला. 1977 च्या लोकसभा निवडणुकीत फिरोजपूरमध्ये मतमोजणीत गोंधळ झाला, मतपत्रिकांची नासधूस झाली. निवडणूक आयोगाने अख्ख्या मतदारसंघातलं मतदान रद्द करून फेरमतदान जाहीर केलं. ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बोस यांचे शब्द जसेच्या तसे उद्धृत केले आणि वर स्वतःची कोपरखळी मारली: आदेश म्हणजे काही जुनी दारू नव्हे, मुरत ठेवली की चढत जायला.

त्याच वर्षी जुलैमध्ये मनेका गांधींना पासपोर्ट जमा करण्याचं पत्र गेलं. पासपोर्ट कायद्याचं कलम 10(3)(ग) आणि 'जनहित', एवढाच आधार. त्यांनी कारणं मागितली, तर सरकारने कळवलं, जनहितासाठीच कारणं देता येत नाहीत! कलम दाखवलं म्हणजे कारण दिलं, या समजुतीचा याहून ठळक नमुना सापडणं कठीण. 1978 चा त्या खटल्याचा निकाल आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो.

(दृश्य: सरकारी कार्यालय. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, टेबलावर आवक-जावक रजिस्टर.)

'नियमात बसत नाही.' 'वरिष्ठांच्या आदेशानुसार.' 'अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' ही वाक्यं आपल्याला पाठ आहेत. पण एक गोष्ट कारकुनाच्या बाजूनेही बोलायला हवी. नियमावर बोट ठेवता येतं म्हणून तर तो नगरसेवकाच्या फोनला नाही म्हणू शकतो. नियम सांगणं हा गुन्हा नाही. नियम क्रमांक लिहायचा आणि माझा अर्ज त्यात का बसत नाही ते लिहायचंच नाही, तक्रार आहे ती इथे.

माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या कलम 4(1)(घ) प्रमाणे, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं द्यावी लागतात. माहिती नाकारायची असेल, तर कलम 7(8) नुसार कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचं, हे तिन्ही लिहून कळवावं लागतं. चौकशी सुरू आहे म्हणून कलम 8(1)(ज), एवढंच लिहिलेली उत्तरं मात्र आजही येतात. माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल, ते सांगावं लागेल. नुसती चौकशी सुरू असणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच स्पष्ट केलं आहे.

असं एका ओळीचं उत्तर हातात पडलं, तर पहिल्या अपिलासाठी तीस दिवस असतात. अपिलात कलम 19(5) जरूर लिहा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमाने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, अर्जदारावर नाही.