रंगमंचावरचं शाकुंतल पडद्यावर नेताना

नमस्कार, श्रोतेहो.

३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी आपल्या पुण्यात, आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. कालिदासाच्या मूळ संस्कृत नाटकाच्या सात अंकांत अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुढे दोनशेच्या आसपास पदं गुंफली. समजा, यावर सव्वादोन तासांचा चित्रपट करायचा आहे. गाण्यांच्या वाट्याला फार तर चाळीस मिनिटं येणार, म्हणजे दहा-अकरा पदं. कात्री लावायची कुठे?

लोकप्रिय पदांची यादी करून बसू नये. पद नाटकात काय काम करतं ते बघावं. दुष्यंत रथातून हरणामागे लागतो तेव्हा रंगमंचावर ना घोडे असतात, ना हरीण. सगळं शब्दांनीच उभं करायचं. पडद्यावर मान वळवून मागे बघणारं हरीण दिसलंच, तर तेच गाऊन सांगण्यात काय हशील? शिवाय टापांच्या आवाजात शब्द बुडणार ते वेगळंच. असली वर्णनाची पदं खुशाल गाळा. शकुंतला सासरी निघते तिथे मात्र घडत काहीच नाही, नुसता जीव भरून येतो. तिथे पाच मिनिटं द्या. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं मंगलगीत, श्रेयनामावलीवर घ्या. ती कापलीत, तर मध्यंतरात पुणेकर दुसरं काही बोलायचेच नाहीत!

साक्या-दिंड्या या छोट्या छंदबद्ध रचना चार ओळींत संपतात, बोलता बोलता गायच्या असतात. त्या स्टुडिओत आधी रेकॉर्ड केल्या, की संवाद एका खोलीत आणि साकी दुसऱ्या खोलीत, असं ऐकू येतं. त्या सेटवरच, संवादाच्याच माइकवर घ्याव्यात. नटाच्या कानात बारीक तंबोरा सोडला की सूर ढळत नाही.

लांब पदं आधी रेकॉर्ड करावीच लागतात. दुष्यंत पेटीच्या काळी एक पट्टीत आणि शकुंतला काळी चार पट्टीत गाणार असेल, तर दोघांच्या पदात दर ओळीला षड्ज, म्हणजे मूळ 'सा', बदलतो. मधे ऑर्गनचे छोटे तुकडे बांधून घ्या, नाहीतर कानाला धक्का बसतो. चित्रीकरणात नटाने नुसते ओठ हलवू नयेत, मोठ्याने गावं. बेसूर झालं तरी चालेल, पण गळ्याची शीर आणि श्वास दिसला पाहिजे. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. तानेत ओठ दोन-तीन चौकटी मागे राहिले तरी खटकतं. म्हणून द्रुत तानेला कॅमेरा बाजूने लावा, नाहीतर ऐकणाऱ्याकडे वळवा.

सगळ्यात अवघड जागा दुर्वासांच्या शापाची: दुष्यंत शकुंतलेला विसरेल, आणि अंगठी पाहिल्यावरच त्याला ती आठवेल. नाटकात हा शाप पडद्याआडून ऐकू येतो. शकुंतला कुटीत, स्वतःच्याच विचारात. ऐकतात त्या फुलं वेचणाऱ्या अनसूया आणि प्रियंवदा. चित्रपटात दुर्वासांना दारात उभं करून गरजायला लावण्याचा मोह होतो. त्याच चौकटीत शकुंतला दिसली, की प्रेक्षक विचारणार, हिला कसं ऐकू गेलं नाही? अंगठीची गोष्ट तिथेच उसवते. कॅमेरा मैत्रिणींपाशी ठेवा, शाप झाडांपलीकडून, अर्धवट येऊ द्या. मग एकच शॉट शकुंतलेचा, त्यावर शापाचा शब्दही नको, फक्त तंबोरा. प्रियंवदा ऋषींना आवरायला धावते, मागे अनसूया ठेचकाळते आणि तिच्या हातून फुलांची परडी निसटते. ही परडी कालिदासानेच पाडून ठेवली आहे. तिचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा आणि त्या क्षणी तंबोराही थांबवा.