‘ताई, काल झालं’ : त्यानंतरची तीन मिनिटं

(कॅमेऱ्यासमोर, खुर्चीत बसून)

नमस्कार. आज सुरुवातीचं संगीत वगैरे काही नाही. शेजारच्या इमारतीत सकाळपासून ड्रिलिंग चालू आहे, ते आत्ता जेवणासाठी थांबलंय. तेवढ्यात मला बोलून घ्यायचंय.

मी व्यसनातून बाहेर पडणाऱ्या तरुण मुलामुलींचं समुपदेशन करते. आज ज्या मुलाबद्दल बोलणार आहे, तो एकच मुलगा नाही. चार-पाच जणांच्या गोष्टींचे तुकडे जोडलेत, कुणाची ओळख पटायला नको म्हणून. त्याला नावही देत नाही.

तर, वय २२. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. दारू बंद करून ९४ दिवस झालेले. ४५ मिनिटांच्या सेशनला तो ४० मिनिटं उशिरा आला. दाराजवळची खुर्ची घेतली. हेल्मेट मांडीवर. पुण्यात हेल्मेट घालून येतो म्हणजे नियम पाळणाऱ्यातला दिसतोय, असं माझ्या मनात येऊन गेलं. हेल्मेटच्या पट्ट्याचं बक्कल लावतोय, काढतोय. टक्. टक्. खाली बघत म्हणाला, "ताई, काल झालं."

बस्स. तीन शब्द. ‘प्यायलो’सुद्धा नाही म्हणाला.

इथून पुढची तीन मिनिटं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. बाकी थिअरी, फॉर्म, चार्ट नंतर.

दहा वर्षांपूर्वी असंच एका मुलाने मला सांगितलं होतं. तेव्हा मी नवीन होते, उत्साह दांडगा. मी पहिला शब्द काय उच्चारला असेल? "का?" तो म्हणाला, मित्रांनी आग्रह केला. मी म्हटलं, अरे, आपलं ठरलं होतं ना? आईचा विचार केलास का? तो हो हो म्हणाला, पुढची तारीख वहीत लिहून घेतली, आणि पुन्हा आला नाही. फोन वाजायचा, उचलायचा नाही. त्या मुलाला मी गमावलं, आणि ते मित्रांच्या आग्रहामुळे नाही. खरं बोलायची हिंमत त्याने केली आणि मी त्या हिंमतीला दंड लावला.

आता हा ‘का’ बघा. मराठीत ‘का’ हा फार वाईट प्रश्न आहे. ‘का रे?’ म्हटलं तर त्यात माया असते. पण नुसतं ‘का?’ म्हटलं की समोरचा आपोआप शाळेत हेडमास्तरांसमोर उभा राहतो. उशीर का झाला? मार्क का कमी पडले? अशा ‘का’ला आपण खरं कारण देत नाही, खपेल असं कारण देतो. ‘मित्रांनी आग्रह केला’ हे महाराष्ट्रभर खपणारं कारण आहे.

म्हणून या वेळी मी म्हटलं, "सांगितलंस, बरं केलंस. पाणी देऊ?" आणि गप्प बसले. गप्प बसणं अवघड असतं हो. बक्कल वाजतंय, बाहेर पीएमपी बसचा हॉर्न, आणि आपल्या तोंडात सल्ला तयार. पाणी पिऊन झालं त्याचं, मग मी विचारलं, "काल दुपारपासून सांगतोस? चार वाजता कुठे होतास?"

आणि मग आलं सगळं. चार वाजता त्याला मेल आला होता. जिथे इंटर्नशिप केली, तिथे पुढे नोकरी मिळणार नव्हती. त्याने तो मेल वाचला, फोन उलटा ठेवला. रूमवर कुणाला बोलला नाही. घरी तर नाहीच, कारण घरी ‘मिळाल्यात जमा आहे’ असं सांगून ठेवलेलं. साडेसातला एका मित्राचा फोन. "बसायचं का?"

‘बसायचं का?’ बघा, ‘प्यायचं का’ असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. ‘बसणं’. किती साधं क्रियापद! त्याला नाही म्हणणं म्हणजे दारूला नाही म्हणणं वाटत नाही, माणसांत बसायलाच नाही म्हणणं वाटतं.

मी ‘का’ विचारलं असतं, तर साडेसातचा फोन हाती लागला असता. ‘चार वाजता कुठे होतास’ विचारल्यामुळे मेल हाती लागला. काम करायचं होतं ते त्या मधल्या साडेतीन तासांवर. वाईट बातमी आली आणि ती सांगायला एक माणूस नाही, अशा साडेतीन तासांवर.

यामागे शास्त्र आहे, माझा नुसता चांगुलपणा नाही. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांशी बोलण्याच्या पद्धतीबद्दल एक लेख लिहिला. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती पद्धत त्याने वाढवली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात तिला. त्यात एक गोष्ट सांगितलीय, मी तिला माझ्या भाषेत ‘सुधारण्याची खाज’ म्हणते. समोरचा अडखळताना दिसला की आपल्याला त्याला सरळ करायची खाज सुटते. गंमत अशी की व्यसनात असलेल्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू आधीपासून भांडत असतात, सोडावं आणि सोडू नये. आपण ‘सोड’ची बाजू घेऊन बोलायला लागलो की त्याच्याकडे एकच बाजू उरते, ‘सोडू नये’ची. मग तो ती जीव तोडून मांडतो आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला ते पटत जातं.

म्हणजे मी म्हणणार, "बघ, लिव्हर खराब होईल." तो म्हणणार, "आमचे आजोबा ८० वर्षांपर्यंत प्यायले, काही झालं नाही." संपलं. आता आजोबा जिंकले.

त्याऐवजी मी त्याला विचारलं, "ते ९४ दिवस कसे काढलेस?" तो जरा बघतच राहिला. कारण त्याच्या हिशोबात ते ९४ दिवस काल रात्री वाहून गेले होते. मग आठवून आठवून सांगायला लागला. सकाळी पर्वती चढायचा. एका ग्रुपमधून बाहेर पडला होता. पगार झालेल्या मित्राला शनिवारी भेटायचंच नाही असं ठरवलं होतं. मी फक्त कागदावर लिहीत होते. त्याच्या तोंडून, त्याच्या अक्कलहुशारीची यादी.

इथे दुसरं एक नाव सांगते, ॲलन मार्लाट. व्यसन पुन्हा का लागतं यावर १९८०च्या दशकात त्याने मोठं काम केलं. एक घोट जाणं वेगळं आणि पुन्हा पूर्ण बुडणं वेगळं, हे त्याने मांडलं. मधली पायरी कोणती? तर ‘एवीतेवी तुटलंच आहे’. उपास मोडल्यावर साबुदाणा वड्यावरून थेट चिकनवर जातो ना आपण, तसं. शरम जितकी जास्त, तितका हा ‘एवीतेवी’ जोरात. म्हणून पहिल्या तीन मिनिटांत मी शरमेत भर घातली, तर मी त्या मुलाला उचलून गुत्त्याच्या दारात नेऊन ठेवते.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मिटिंगमध्ये दिवस मोजतात, घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. कित्येकांना त्या मोजण्याचा मोठा आधार असतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण २२ वर्षांच्या मुलाशी बोलताना मी ९४ पुसत नाही. ९४ अधिक एक वाईट रात्र, असं लिहिते. माझं हे वैयक्तिक मत आहे, पटलं नाही तर खाली भांडा.

आता ‘तरुण मुलं’ असं वेगळं का म्हणतेय मी? माझं ‘पुनर्वसन’ या शब्दाशी जरा वाकडं आहे. त्यातला ‘पुनर्’ खटकतो. ४५ वर्षांचा माणूस दारू सोडतो तेव्हा त्याला परत जायला काहीतरी असतं. नोकरी असते, नाहीतर निदान होती. बायको बोलत नसली तरी असते. दारू लागण्याआधीचा एक माणूस त्याला आठवतो. या मुलाने पहिली बिअर पंधराव्या वर्षी घेतली. त्याला दारूशिवायचा मोठा माणूस कसा असतो, हे माहीतच नाही. हळदीत न पिता नाचायचं कसं? मुलीशी बोलायचं कसं? रविवार दुपार घालवायची कशी? हे त्याला परत मिळवायचं नाहीये, पहिल्यांदा शिकायचंय. पुन्हा वसवायला आधी गाव वसलेलं तर हवं!

त्यात मेंदूचा जो भाग थांबवतो, थोडं पुढचं बघायला लावतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. गंमत म्हणजे महाराष्ट्रातला कायदासुद्धा दारूसाठी २५ वर्षंच सांगतो, बिअरसाठी २१. टपरीवरच्या कुणालाही विचारा, हसेल तो.

आणि पुण्यात अशी मुलं फार, ज्यांच्या एकटेपणाला गर्दी आहे. पेठांतल्या अभ्यासिकेत बसणारा परभणीचा मुलगा. स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट. गावाकडे लोक ‘साहेब’ म्हणायला लागलेत. तो रूमवर एकटा पितो, बसायलाही कुणी नाही. त्याला ‘चांगली संगत धर’ सांगून काय उपयोग? त्याला संगतच नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, करुणा म्हणजे लाड नव्हे. मुलगा पिऊन सेशनला आला तर मी सेशन घेत नाही. पाणी देते, गाडीची किल्ली मागून घेते, त्यानेच आधी लिहून दिलेल्या नंबरावर फोन लावते आणि उद्याची वेळ देते. ओरडत नाही आणि सूटही देत नाही. त्याला हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यात अपमान नसतो.

गणपतीचंच घ्या. आपला हेल्मेटवाला मुलगा ढोल पथकात. पथकवाल्यांनो, कमेंटमध्ये मारू नका, सरावाच्या वेळी कडक असता तुम्ही हे मला माहीत आहे. बसणं होतं ते सराव सुटल्यावर, नदीपात्रातून घरी जाता जाता. जुन्या मी ने सांगितलं असतं, या वर्षी ढोल सोड. म्हणजे आयुष्यात आनंदाची जी एक गोष्ट आहे तीच काढून घ्यायची! आम्ही ढोल ठेवला. फक्त सुटल्यावरची २० मिनिटं ठरवली. कुणाच्या गाडीवर जायचं, वाटेत खायचं काय, आणि घरी पोहोचल्यावर कुणाला ‘पोचलो’ म्हणून मेसेज टाकायचा. विसर्जनाच्या रात्रीचं वेगळं ठरवलं, कारण ती रात्र संपतच नाही.

आता आयांकडे वळते, कारण हा व्हिडिओ त्याच जास्त बघणार. एका आईने मला विचारलं, "मग मॅडम, मी विचारायचंच नाही का त्याला?" विचारा ना! पण रात्री साडेअकराला दारात ‘तोंड दाखव’ करून नको. सकाळी चहाला, शेजारी बसून. "काल तुझी काळजी वाटली, झोप नाही लागली," एवढंच. हे खरंही आहे आणि त्यात आरोप नाही. पैशांचं मात्र स्पष्ट ठेवा. मेसचं बिल थेट मेसवाल्याला द्या. उधाऱ्या फेडत बसू नका.

आणि बाबांनो, तुम्ही फोन करून विचारता, "काय बोलला तो तुमच्याशी? फी आम्ही भरतो." भरता, मान्य. तरी मी सांगणार नाही. मुलगा सज्ञान आहे आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, आणि तेही त्याला आधीच सांगितलेलं असतं.

याच कायद्याबद्दल अजून एक. दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्याच्या कक्षेत येतात आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणारी, मारून ‘सरळ’ करणारी केंद्रं अजून आहेत. असं कुणी फोनवर सांगितलं, तर फोन ठेवा. मारून सुधारत असतं, तर बहुतेकांच्या वडिलांनी ते आधीच उरकलं होतं. आपल्याच शहरात १९८६ मध्ये, गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, पोरं खाल्ली जात होती तेव्हा, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे बरे झालेले लोकच पुढे दुसऱ्यांना सांभाळायला उभे राहिले. माया लावून काम होतं का, याचं उत्तर पुण्याला बाहेरून शोधायची गरज नाही.

दोन धोक्याच्या गोष्टी, पटकन. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दुसरं, गर्द किंवा तसल्या नशेत काही आठवडे खंड पडला की शरीराची सवय मोडलेली असते. परत घेताना जुना डोस घेतला तर तोच प्राणघातक ठरतो. हे मी मुलांना घाबरवायला सांगत नाही. आवाज न चढवता सांगते, कारण न सांगणं हा निष्काळजीपणा आहे.

(स्क्रीनवर दोन नंबर)

१४४४६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १४४१६, टेली-मानस, मन बिघडलं असेल तर, मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात आला. १५ मिनिटं उशिरा. घरी मेलबद्दल सांगितलं म्हणाला. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरीकडे अर्ज टाकलेस का?" बस, एवढंच झालं.

ड्रिलिंग सुरू झालं बघा. जाता जाता एक काम देते. ‘बसायचं का?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता, ते खाली लिहा. माणूस तुटणार नाही आणि ग्लासही हातात येणार नाही, असं. मी ती उत्तरं मुलांना वाचून दाखवणार आहे. फक्त ‘अँटिबायोटिक चालू आहे’ हे सोडून. ते सगळ्यांचं वापरून झालंय.