गप्प टॅपेट

[दृश्य: उद्यमनगरातली गल्ली, सकाळ. अर्धं उघडलेलं शटर. आत बॉनेट वर केलेली मारुती 800.]

कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर. लेथ सुरू व्हायला अजून अवकाश आहे, समोरच्या टपरीवर पहिला चहा उकळतोय. ही पांढरी मारुती काल संध्याकाळीच गॅरेजमध्ये आणून लावलेली आहे आणि रात्रभर तिला कुणी चावी लावलेली नाही. हे मुद्दाम केलंय. मालकाची तक्रार आहे इंजिनातल्या टिकटिकीची, आणि आजचं काम टॅपेट सेटिंगचं. त्याला इंजिन गार लागतं. नुसतं बंद असून भागत नाही.

मिस्त्री पाना उचलण्याआधी टॅपेट कव्हरवर तळहात ठेवतात.

[मिस्त्रींचा आवाज: "हात पोळला म्हंजे आज काम न्हाई. गिऱ्हाइकाला सांगायचं, उद्या या."]

एअर फिल्टरचा डबा बाजूला होतो. प्लगच्या वायरी निघतात, पाठोपाठ तिन्ही प्लग. मग कव्हरचे बोल्ट. कव्हर कडेला चिकटून बसलेलं असतं, त्याला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, पॅकिंगची जागा खराब होते. लाकडी मुठीनं एका बाजूनं हलकेच ठोकायचं. सुटतं.

[दृश्य: कव्हर निघतं. कॅमशाफ्ट, रॉकर, त्यांवरचं तेल. कॅमेरा सावकाश आत जातो. सहा सेकंद निवेदन नाही.]

मालकाला सहसा न दिसणारी ही जागा. तेल काळं पडलंय, पण कोपऱ्यात गाळ साचलेला नाही. मालकानं ऑइल वेळेवर बदललंय, हे मिस्त्रींना विचारावं लागत नाही.

1983च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि 2014च्या जानेवारीत या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशातल्या एका अख्ख्या पिढीनं ड्रायव्हिंग हिच्यावर गिरवलं. इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर. आपल्या समोरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आहेत. एक इनलेट, हवा-पेट्रोल आत घेणारा. दुसरा एक्झॉस्ट, जळालेला गॅस बाहेर सोडणारा. एकूण सहा.

कॅमशाफ्टचा दांडा फिरतो, त्याच्यावरचा उंचवटा, म्हणजे कॅम, रॉकर नावाच्या छोट्या तरफेचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्हची दांडी दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर ओढून बंद करते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि पंचवीस वेळा मिटतो.

आता रॉकरचं हे टोक बघा. इथं एक छोटा स्क्रू आहे, त्याच्यावर लॉकनट. स्क्रूचं खालचं तोंड आणि व्हॉल्व्हच्या दांडीचा माथा यांच्यात एक फट आहे. डोळ्याला ती दिसत नाही, कॅमेऱ्यालाही मुश्किलीनं दिसते. या इंजिनात ती मिलिमीटरच्या साधारण सातव्या हिस्स्याइतकी असते, एक्झॉस्टला किंचित जास्त. टॅपेट सेटिंग म्हणतात ते या फटीचं.

[दृश्य: फिलर गेज, म्हणजे फट मोजायची वेगवेगळ्या जाडीची पाती, उघडतं. पात्यांवरचे आकडे.]

प्रत्येक इंजिनाचा आकडा निराळा. जुन्या 1489 सीसीच्या अॅम्बॅसडरला इंचाचा पंधरा हजारावा भाग चुकून कुणी म्हणालं, तर मिस्त्री लगेच दुरुस्त करतील: एका इंचाचे हजार भाग करा, त्यातले पंधरा. म्हणजे जवळपास 0.38 मिलिमीटर, मारुतीच्या दुपटीहून जास्त. आणखी एक गंमत. मारुतीचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बसवलेला भाग, अॅल्युमिनियमचं. तापलं की ते पोलादी व्हॉल्व्हपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून कंपनीच्या पुस्तकात गरम इंजिनाची फट गार इंजिनापेक्षा मोठी छापलेली आहे. गारचा आकडा डोक्यात ठेवून गरम इंजिनावर फिलर घातला, तर सगळंच गणित चुकणार. तळहाताची ती तपासणी त्यासाठी.

टॅपेट हा शब्द या गावाला मोटारीनं शिकवलेला नाही. उसाच्या मळ्यांत नदीचं पाणी उपसणारी ऑइल इंजिनं इथं मोटारींच्या आधीपासून धडधडत होती. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना आणि त्याभोवतीचं गाव वसवलं. कोल्हापुरात घरोघरच्या मिस्त्रींनी इंजिनं खोलता खोलता त्यांचे सुटे भाग ओतायला सुरुवात केली. आजच्या फाउंड्र्या त्यातूनच उभ्या राहिल्या. त्या एका सिलिंडरच्या इंजिनालाही रॉकर होता, स्क्रू होता आणि फट होती.

[मिस्त्रींचा आवाज: "आमचं वडील मळ्यात जायचं इंजिन बघाय. फिलर कुठला तवा? दाढीचं ब्लेड खिशात. दोन ब्लेडं घालायची, अडत गेली की झालं."]

दाढीचं साधं दुधारी ब्लेड 0.10 मिलिमीटर जाड असतं. मळ्यातला हिशोब अगदीच वाऱ्यावरचा नव्हता तर.

[दृश्य: प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप निघते. आतला फिरता रोटर.]

फट मोजायची ती व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना. रॉकरवर कॅमचा जरासुद्धा दाब असता कामा नये. म्हणजे ज्या सिलिंडरचे टॅपेट बघायचे, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे आतली हवा-पेट्रोल दाबत, वर आलेला हवा. ते ओळखायचा मिस्त्रींचा मार्ग हा रोटर. कॅपवर एक नंबरच्या प्लगची वायर जिथं बसते, रोटरचं तोंड तिथं आलं की एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. खात्रीसाठी दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघायचे. खुळखुळले पाहिजेत.

आणि इंजिन फिरवायचं कसं? पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवता येतं. इथं मात्र गाडी टॉप गिअरला टाकली आहे आणि पोरगा ती मागून रेटतोय. प्लग काढलेले असल्यामुळे इंजिन फिरायला अडत नाही.

[दृश्य: पोरगा गाडी रेटतोय, मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेले. "ये... ये... जरा ये... बास!"]

एक नंबर. फिलरचं पातं आणि दांडीचा माथा, दोन्ही आधी फडक्यानं पुसायचे. तेलाचा थरसुद्धा माप खातो. पातं फटीत जातं. पुस्तकातून नवी नोट ओढून काढताना बोटांना जेवढी ओढ लागते, तेवढी इथं लागली पाहिजे. सुळकन गेलं तर सैल, अडून बसलं तर टाइट. एक नंबरचा इनलेट सैल आहे. हाच तो टिकटिक करणारा.

लॉकनटला पाना, स्क्रूला स्क्रूड्रायव्हर, फटीत फिलर. तीन वस्तू आणि हात दोन. पातं मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत धरलेलं आहे, हे नीट बघा. स्क्रू थोडा आवळला, पातं ओढून पाहिलं, परत किंचित आवळला. जमलं. आता लॉकनट कसायचा, आणि घाईचा माणूस नेमका इथं फसतो. नट कसताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो आणि बसवलेली फट हलते. म्हणून नट कसून झाल्यावर पातं पुन्हा घालायचं. मिस्त्री पुन्हा घालतात. फट हललीये. नट सैल, सगळं परत पहिल्यापासून.

[दृश्य: हेच तीन वेळा. कट नाही.]

हा भाग आम्ही कापला नाही. गॅरेजच्या बिलात "टॅपेट सेटिंग" एवढीच एक ओळ येते. त्या ओळीत किती वेळ जातो, तो इथं दिसतोय.

आणखी एक खोच. जुन्या इंजिनात स्क्रूचं तोंड झिजून त्यात बारीक खळगा पडतो. सपाट पातं त्या खळग्यावर आडवं बसतं आणि माप बरोबर दाखवतं. खरी फट मात्र खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. सेटिंग करूनही टॅपेट वाजतंय, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत हे एकदा बघायलाच हवं. मिस्त्री नख फिरवून बघतात. या गाडीला खळगा नाही.

दोन नंबर. पोरगा परत गाडी रेटतो, रोटर दोन नंबरच्या वायरीच्या जागेवर. इनलेट ठीक. एक्झॉस्टला पातं जातच नाही. मिस्त्री त्याहून पातळ पातं काढतात. तेही नाही. त्याहून पातळ.

[दृश्य: पात्याचं टोक फटीशी वाकतं. मिस्त्री मान वर करून मालकाकडे बघतात.]

या टॅपेटचा आवाज येत नव्हता. मालक आले होते ते टिकटिक ऐकून, म्हणजे एक नंबरच्या सैल इनलेटसाठी. सैल टॅपेट कुरकुर करतं, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, झीज वाढते. पण ते बोलून दाखवतं. टाइट टॅपेट गप्प असतं. उलट इंजिन जास्तच गोड वाटायला लागतं. "टॅपेट एकदम सायलेंट करून द्या" म्हणणारं गिऱ्हाइक मिस्त्रींना म्हणूनच आवडत नाही. करून देणारे गॅरेजवाले आहेतच, गिऱ्हाइक खूश होऊन जातं.

गप्प टॅपेटचं दुखणं असं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड चालत्या इंजिनात सातशे अंशांच्या घरात तापतं. ते गार होतं ते सीटला, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीला, टेकल्यावर. बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. फट संपली की व्हॉल्व्ह सीटला पुरता टेकत नाही. उष्णतेला वाट मिळत नाही आणि राहिलेल्या सांदीतून पेटता गॅस निसटत राहतो. मग व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जातं, गाडी दोन सिलिंडरवर हिसके देत चालते, हेड उतरवावं लागतं, आणि खर्च सेटिंगच्या कित्येक पट.

[दृश्य: डिकी उघडते. गॅसची टाकी.]

ही गाडी गॅसवर चालते, आणि गोष्ट इथंच थोडी मागे न्यावी लागते. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते मिसळायचे इंजिन ठोकू नये म्हणून; पण जळताना त्याचा एक पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि धातूवर धातू आपटण्याची झीज त्यामुळे कमी व्हायची. शिसं माणसाला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, ते योग्यच झालं. मऊ सीटच्या जुन्या इंजिनांचं पांघरूण मात्र गेलं. त्याच सुमारास मुंबईत न्यायालयाच्या आदेशांनंतर काळ्यापिवळ्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब जो काही ओलावा, जो काही गारवा देतात, तो त्यात नाही. सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर रुतत जातो. व्हॉल्व्ह वर गेला की त्याची दांडी रॉकरच्या स्क्रूजवळ येते. फट आपोआप मिटते. कुणी स्क्रू फिरवलेला नसतो, कुठला नट सुटलेला नसतो.

किट बसवताना मायलेजचा हिशोब सगळे सांगतात. टॅपेटचं कुणी काढत नाही.

[मिस्त्रींचा आवाज: "पेट्रोलची गाडी आसंल तर वीस हजाराला बघतो. ग्यासची दहाला. वाजू दे न्हाईतर न वाजू दे, उघडून बघायचं."]

दोन नंबरचा एक्झॉस्ट. लॉकनट सैल. स्क्रू या वेळी उलट फिरतो. पातळ पातं शिरलं. मग त्याच्यावरचं. मग हवं ते. नट कसला, पातं पुन्हा घातलं, ओढ बरोबर. मिस्त्री प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर बघतात. दोन नंबरचा काटा बाकीच्यांच्या जवळपास पोचतो. व्हॉल्व्ह जळायच्या आत गाडी आली. जळलेला व्हॉल्व्ह त्या दिवशी गॅरेजमध्ये नव्हता, नाहीतर तोही दाखवला असता.

तीन नंबरला करण्यासारखं काही निघालं नाही.

[दृश्य: नवं पॅकिंग. कव्हर. बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे कसले जातात. प्लग, वायरी, कॅप.]

चावी. इंजिन पहिल्या फेरीला धरतं. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. हलकीशी टिकटिक अजून आहे. मालक विचारतात, "अजून येतोय की आवाज?"

[मिस्त्रींचा आवाज: "येणारच. फट ठेवलीया न्हवं."]

बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं किलोमीटरचा आकडा लिहिला जातो. त्याच्याखाली पुढचा, दहा हजार मिळवून. बिल होतं आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळते.

[दृश्य: दारात दुसरी, बरीच नवी गाडी. चालक खिडकीतून: "मिस्त्री, टॅपेट वाजतंय."]

या गाडीच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. फट तेलाच्या दाबानं स्वतःच भरून निघते, फिरवायला स्क्रूच नाही. आणखी काही नव्या इंजिनांत स्क्रूही नसतो आणि तेलही ते काम करत नाही. तिथं फट मोजून वेगळ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, किंवा अख्खं टॅपेट बदलावं लागतं. मिस्त्री बॉनेट उघडायला सांगतात. फिलर मात्र खिशातच राहतं. डिपस्टिक ओढतात, पुसतात, परत घालून ओढतात. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

[मिस्त्रींचा आवाज: "सेटिंग न्हाई वो, ऑइल न्हाई हिच्यात. पयला ऑइल टाका, मग आवाज ऐकू."]