खडकावरचं नारिंगी दगडफूल

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडक नीट पाहिले, तर त्यांवर रंगांचे आडवे पट्टे दिसतात. भरतीच्या रेषेलगत काळाकुट्ट, त्याच्यावर नारिंगी आणि सगळ्यात वर राखाडी. तिन्ही पट्टे दगडफुलांचे, म्हणजे लायकेनचे. काळा पट्टा पाहून तर जहाजाचं तेल सांडलं की काय, असंच वाटतं. आपण बोलणार आहोत नारिंगी पट्ट्यातल्या झॅन्थोरिया पॅरिएटिनाबद्दल.

खडकाला बिलगलेली पानासारखी चकती, कडेला गोलसर पाळ्या, मधोमध इवल्या नारिंगी वाट्यांची दाटी. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा भल्या भल्या लायकेन-तज्ज्ञांनी ते उडवून लावलं होतं!

आता तो रंग. पॅरिएटिन नावाचं हे रंगद्रव्य बुरशी बनवते आणि अगदी वरच्या थरात साठवते. शैवाल त्याच्या खाली असतं. कडक उन्हातला निळा प्रकाश आणि अतिनील किरण वरच्या वर शोषले जातात. म्हणून भर उन्हातलं दगडफूल गडद नारिंगी, तर सावलीतलं हिरवट-राखाडी. नवख्याला या दोन वेगळ्या जाती वाटाव्यात.

समुद्रपक्षी बसतात त्या खडकांवर ते विशेष फोफावतं, कारण विष्ठेतून नायट्रोजन मिळतो. गुरांच्या गोठ्यांजवळ, अमोनिया असलेल्या हवेतही ते खुशाल वाढतं. लायकेन दिसलं की हवा शुद्ध, असं सर्रास सांगतात. या पठ्ठ्याच्या बाबतीत ते खरं मानू नका.

मला सगळ्यात गंमत वाटते ती त्याच्या प्रसाराची. त्या नारिंगी वाट्यांतून बीजाणू उडतात, पण ते फक्त बुरशीचे. शैवाल सोबत जात नाही. काही लायकेन दोघांची मिळून भुकटी सोडतात, हे तसंही करत नाही. मग जोडी पुन्हा जमते कशी? एक वाट २००२ साली झुरिकच्या संशोधकांनी दाखवली. माइट, म्हणजे कोळ्यांच्या कुळातले टाचणीच्या टोकाएवढे जीव, हे दगडफूल कुरतडतात. त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तर त्यांतून बुरशीही उगवली आणि शैवालही.